फोर्कलिफ्टच्या काट्यांवर माणूस चढवणाऱ्या गोदाममालकास खुले पत्र

मालक,

तुमचं नाव या पत्रात नाही. ते छापून माझ्या मामेभावाची टाच जुळणार नाही. तुमच्यासारखे आणखी किती मालक या महामार्गाच्या कडेला गोदामं उघडून बसले आहेत हे मला ठाऊक आहे. त्यांनीही हे पत्र आपल्याला आलंय असं समजून वाचावं.

माझा भाऊ तुमच्या गोदामात साडेतीन मीटरवरून सिमेंटच्या जमिनीवर पडला. उजवी टाच फुटली, कमरेचा एक मणका दबला. पडला तेव्हा तो फोर्कलिफ्टच्या काट्यांवर ठेवलेल्या रिकाम्या लाकडी पॅलेटवर उभा होता आणि वरच्या थरातलं खोकं ओढत होता. काटे वर नेणारा उभा मास्ट किंचित पुढे झुकला, पॅलेट काट्यांवरून सरकलं आणि तो खाली आला. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य तो बोलला ते असं: "मालक म्हणे, दोन मिनटाचा काम आहे, चढ."

तुम्ही दवाखान्यात आलात, उशाशी केळी ठेवलीत आणि माझ्या मामीला म्हणालात, "त्याचंच लक्ष नव्हतं." हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे.

भाऊ ज्या दिवशी पडला त्या दिवशी हा अपघात सुरू झाला नाही. तुम्ही यंत्र विकत घेतलंत त्या दिवशी तो सुरू झाला. आधी तुमच्याकडे फक्त हँड पॅलेट ट्रक होता. ते चांगलं यंत्र आहे. अडीच टन माल एक माणूस त्यावर ओढत नेतो. पण तो माल जमिनीपासून जेमतेम वीतभर उचलतो. त्याचं काम माल इथून तिथे नेण्याचं, वर चढवण्याचं नाही. छातीइतक्या किंवा डोक्याच्या थोड्या वरच्या फळीपर्यंत माल चढवायचा तर स्टॅकर लागतो, हाताने पंप मारायचा किंवा बॅटरीवर चालणारा. फोर्कलिफ्ट लागतो तो त्याहून उंच आणि जड कामाला, आणि त्याला रुंद वाट, सपाट जमीन आणि शिकलेला चालक लागतो. खोकं किती जड, किती उंच न्यायचं, दिवसातून किती वेळा, वाट किती रुंद, एवढं मोजलं असतंत तर कुठलं यंत्र घ्यायचं ते कागदावरच कळलं असतं. तुम्ही फक्त किंमत मोजलीत. स्वस्तात जुना फोर्कलिफ्ट मिळाला, तो आणलात. त्याच्यावरची क्षमतेची पाटी निघून गेलेली होती. ती तुम्हाला खटकली नाही.

त्या पाटीवर काय असतं ते सांगतो, कारण तुम्ही ती कधी वाचलेली नाही. फोर्कलिफ्ट हा पुढच्या चाकांवर तोललेला तराजू आहे. एका पारड्यात काट्यांवरचा माल, दुसऱ्यात यंत्राच्या पाठीमागचं लोखंडी वजन. "अडीच टन" याचा अर्थ मालाच्या वजनाचा मध्य काट्यांच्या मुळापासून 50 सेंटीमीटरवर असेल तर अडीच टन. खोकी लांब असली, माल काट्यांच्या टोकाकडे ठेवला, किंवा काटे उंच नेले, की ही क्षमता घटत जाते. किती घटते ते पाटीवर लिहिलेलं असतं. पाटी नाही म्हणजे चालक अंदाजाने उचलणार. आणि तुमचा चालक कोण, तर ट्रॅक्टर चालवता येतो म्हणून बसवलेला एकोणीस वर्षांचा पोरगा. ट्रॅक्टरची पुढची चाकं वळतात, फोर्कलिफ्टची मागची. वळताना यंत्राचं ढुंगण बाहेर फिरतं आणि शेजारी उभ्या माणसाला भिंतीशी दाबतं. हे त्या पोराला कोणी सांगितलं? यंत्र उलटायला लागलं तर उडी मारायची नाही, पट्टा लावून सीटला धरून राहायचं, हे सांगितलं? उडी मारणारा बहुधा त्याच बाजूला पडतो ज्या बाजूला ते चार टनांचं धूड कोसळतं.

आता खोक्यांकडे या. आपला भंडारा पितळेच्या भांड्यांचा जिल्हा आणि कोशाच्या रेशमी कापडाचाही. तुमच्याकडे दोन्ही माल येतो. आंधळगावच्या कोशाच्या साड्यांचं खोकं आणि पितळी गंजांचं खोकं बाहेरून सारखंच दिसतं. पितळ पाण्याच्या साडेआठ पट जड. एकात एक बसवलेल्या गंजांचं खोकं हलकं समजून जो उचलायला जातो त्याची कंबर पहिल्याच झटक्यात जाते. खोक्यावर वजन लिहायला एक मार्कर पुरतो. तुमच्या गोदामातल्या एकाही खोक्यावर ते लिहिलेलं नाही, मी जाऊन पाहिलं. पितळ तुम्ही वर रचलंय आणि कोसा खाली, कारण कोसा आधी आला होता. माल ज्या क्रमाने आला त्याच क्रमाने रचला. जड खाली, हलकं वर, रोज लागणारं गुडघा ते खांदा या उंचीत, हे कुठल्याही किराणा दुकानदाराला कळतं.

शिवाय हे धानाच्या रोवणीचे, पावसाचे दिवस. पुठ्ठा हवेतली ओल पितो. कोरड्या दिवसांत जे खोकं वरचे पाच थर पेलतं त्याची ताकद भर पावसाळ्यात निम्म्यावर येऊ शकते. पुठ्ठ्याच्या खोक्याचं बळ त्याच्या चार कोपऱ्यांत असतं. कोपऱ्यावर कोपरा आला तर ते टिकतं. तुम्ही खोकी विटांसारखी सांधा चुकवून रचायला लावलीत, म्हणजे वरच्याचा कोपरा खालच्याच्या मऊ पोटावर आला. खालचे थर सरळ रचून, फक्त वरचा एखादा थर आडवा बांधून, भोवती प्लास्टिकची फिल्म गुंडाळली असती तर थर बाहेर फुगला नसता. तो फुगला म्हणूनच वरचं खोकं अडकलं, आणि ते सोडवायला तुम्ही माझ्या भावाला वर चढवलंत.

मालक, हे गाव कोणतं आहे ते तुम्हाला माहीत आहे. जवाहरनगर आयुध निर्माणीमुळे वसलं. इथल्या कित्येक घरांत खोकी हा साधा शब्द नाही. दारूगोळ्याचं खोकं आपटायचं नाही, घसरत न्यायचं नाही, बारुदीजवळ लोखंडी हत्यार न्यायचं नाही, ठिणगी न पाडणारं पितळी किंवा लाकडी न्यायचं, हे इथले बाप पोरांना जेवताना सांगत आले. इतकं जपूनही 24 जानेवारी 2025 ची सकाळ या गावावर आली. निर्माणीत स्फोट झाला, छत कोसळलं, 8 माणसं गेली. त्यांच्या घरांवरून मी रोज जातो. त्याआधी, 20 नोव्हेंबर 2018 ला, वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ सोनेगाव आबाजीला निकामी करायच्या जुन्या दारूगोळ्याची खोकी गाडीवरून उतरवताना स्फोट झाला. 6 माणसं मेली, त्यांत आसपासच्या गावांतून रोजीवर आलेले मजूर होते. तुमच्या गोदामात बारूद नाही. तुमची खोकी फुटत नाहीत, फक्त पडतात. त्यांच्यापासून माणूस वाचवायला एक स्टॅकर, एक कठड्याची शिडी आणि चार दिवसांचं प्रशिक्षण पुरलं असतं. म्हणून तुमचा राग मला जास्त येतो.

आणि "त्याचं लक्ष नव्हतं" हे म्हणणं इंग्रजांच्या राज्यातसुद्धा पुरत नव्हतं. कामाच्या ओघात इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची, कामगाराचं साधं दुर्लक्ष ही मालकाची सुटका नव्हे, असं 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातच आलं होतं. इजा होईल इतकं जड ओझं कोणालाही उचलायला लावू नये, हे 1948 च्या कारखाना कायद्याच्या 34 व्या कलमात आलं. त्याच कायद्याच्या 29 व्या कलमाने उचलण्याच्या यंत्राची वर्षातून किमान एकदा जाणकाराकडून तपासणी आणि त्यावर सुरक्षित भाराची नोंद सक्तीची केली. डोक्यावर ओझं वाहणाऱ्यांसाठी वेगळा माथाडी कायदा करणारं राज्य आपलं, साल 1969. शंभर किलोचं पोतं पाठीवरून खाली यावं म्हणून इथल्या हमालांनी वर्षानुवर्षं भांडण केलं. तुम्ही म्हणाल, माझं गोदाम लहान, कारखाना नाही. जमीन मात्र तितकीच कठीण आहे.

भाऊ घरी आलाय. सहा आठवडे पाय टेकायचा नाही. या हंगामात रोवणीला तो नाही, म्हणून वहिनी एकटी दुसऱ्यांच्या बांधीत जाते. परवा मी त्याच्याजवळ बसलो होतो. तुमच्याबद्दल तो काही बोलला नाही. त्याने विचारलं, "तो वरचा थर उतरवला का?" त्याच्या जागी आता त्याच्याच गल्लीतला दुसरा पोरगा लागलाय.

मी काल संध्याकाळी येऊन पाहिलं. थर तसाच आहे, पितळ अजून वरच आहे, मधलं एक खोकं पोटातून चेपलंय. फोर्कलिफ्ट शेजारीच उभा होता, काटे हवेत ठेवून, आणि त्यांच्याखालून तुमची माणसं ये-जा करत होती. उद्या सकाळी शटर उघडलं की आधी ते काटे जमिनीला टेकवा. मग कठड्याची शिडी आणून तो थर दोघातिघांकडून वरून खाली, हातोहात उतरवा. फोर्कलिफ्टवर पाटी लागेपर्यंत त्याची चावी तुमच्या खिशात राहू द्या, आणि स्टॅकर येईपर्यंत खांद्याच्या वर एक खोकं चढवू नका. दवाखान्याच्या बिलाचे पैसे मामीला अजून मिळालेले नाहीत, ते बिल मी या पत्रासोबत तुमच्याकडे पाठवतो आहे.

जवाहरनगरचा एक रहिवासी