घशाशी आलेला विनोद

डॉक्टरांनी वर्ज्य सांगितलेले सगळे पदार्थ पुणे-नाशिक रस्त्यावर ओळीने भेटतात. वाकडेवाडीच्या स्टँडवर चहा, भोसरीला वडापाव, चाकणला मिसळ आणि राजगुरुनगरला एसटी थांबली की खिडकीतून आत येणारी ओली भेळ, वर मूठभर कच्चा कांदा. कांद्याचा बाजार चाकणला, बटाटा खेड घाट चढून गेल्यावर सातगाव पठारावरचा. म्हणजे माझं पित्त जिथे पिकतं, तोललं जातं आणि ट्रकात भरलं जातं, त्याच मुलखातून मी केळं खात चाललो होतो.

शेजारी टोपीवाले बाबा होते. त्यांनी भेळ संपवली, कागदाची पुडी नीट घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, "पित्त का?"

"कसं ओळखलंत?"

"भेळवाल्याकडं पाठ करून केळं खाताय. एक तर उपास, नाय तर पित्त. आज उपासाचा वार नाय."

मला दोन व्याधी एकाच सुमारास जडल्या: आम्लपित्त आणि विनोद लिहिण्याची हौस. पहिलीचं कारण डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची एक झडप असते. घास खाली गेला की तिने मिटायचं. माझी झडप मिटायचं विसरते आणि जठरातलं आम्ल वर फिरायला निघतं. उपाय साधे: सकाळी उपाशीपोटी ४० मिलिग्रॅमची पँटोप्रॅझोल, मग अर्ध्या तासाने न्याहारी, रात्रीचं जेवण आणि झोप यांत किमान दोन-तीन तास, झोपायचं डाव्या कुशीवर, खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा. ताण घ्यायचा नाही, हसत राहायचं, पण भरल्या पोटी खदाखदा हसायचं नाही, कारण हसताना पोटावर दाब येतो आणि आम्लाला तेवढंच निमित्त पुरतं. थोडक्यात, लेखकाने स्वतःच्या विनोदाला हसू नये. ही अट सरसकट सगळ्या मराठी विनोदी लेखकांना घालायला हरकत नाही.

दुसऱ्या व्याधीवर गोळी नाही. चिं. वि. जोशी वाचले, अत्रे वाचले, मिरासदार वाचले. वाचून एवढंच कळलं की ते लिहून झालेलं आहे. मग वही घेतली. नवशिक्याचे विनोद नवरा-बायकोचे असतात. त्याचं लग्न झालेलं नसलं तरी असतात. बंड्या आणि गुरुजी त्यानंतर येतात. शिवाय आपण रात्र जागवून लिहिलेला विनोद सकाळी चुलतभाऊ कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकतो, तोही तीन वर्षांपूर्वीचा. ताई म्हणाली, "इकडे ये चार दिवस. हवा चांगली आहे, डोकं शांत होईल." ताई निरगुडसरला दिलेली.

मंचरला उतरून पूर्वेची वाट धरली की महामार्गाचा गोंगाट मागे पडतो आणि ऊस सुरू होतो. पाडवा तोंडावर आलेला, पारगावच्या भीमाशंकर कारखान्याचा हंगाम शेवटाकडे चाललेला. राहिलेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून डुलत होत्या. निरगुडसर म्हणजे विधानसभेचे माजी अध्यक्ष दिलीप वळसे पाटील यांचं गाव. २००९ ते २०१४ त्यांनी अख्ख्या सभागृहाला "खाली बसा" म्हणून सांगितलं. गावातला पार मात्र त्या शिस्तीबाहेर राहिलेला दिसला. तिथे एका वेळी चौघे बोलत होते, पाचवा खाकरत होता आणि कोणीही खाली बसायला तयार नव्हतं.

रात्री मासवडी होती. जुन्नर-आंबेगावात पाहुणा आला की तिला पर्याय नाही. बेसन पाण्यात घोटून शिजवायचं, ओल्या फडक्यावर गरम गरम थापायचं, आत भाजलेले तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसूण यांचं सारण भरायचं, फडक्यानेच गुंडाळी करायची आणि वड्या कापायच्या. बाजूला काळ्या मसाल्याचा रस्सा, बाजरीची भाकरी. डॉक्टरांच्या यादीतला एकही शत्रू गैरहजर नव्हता.

"तुझ्यासाठी तिखट कमी केलंय," ताई म्हणाली.

पहिल्या घासाला कान तापले. भाचा टक लावून बघत होता. "मामा, रडताय का?"

"नाही रे, कमी तिखट आहे म्हणून आनंद झाला."

तो हसला नाही. दाजी हसले, पण ते रश्श्याच्या बाजूने.

जेवण झालं तसा मी शतपावलीला फाटकाकडे निघालो. दाजींनी हाक मारली, "पाव्हणं, फाटकाच्या बाहेर नाय जायचं. बिबट्या हाय."

इथे हसण्यासारखं काही नाही आणि मीही विनोद करणार नाही. धरणं झाली, कालवे आले, बारमाही पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला आणि उसात बिबट्याने बिऱ्हाड केलं. आता त्याची पिल्लं तिथेच जन्मतात आणि उसालाच जंगल समजतात. जुन्नर वन विभागात जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हे चारही तालुके येतात आणि चारही तालुक्यांत घरातलं माणूस गमावलेली घरं आहेत. पकडलेले बिबटे माणिकडोहच्या निवारा केंद्रात जातात. उसातला बिबट्या संपत नाही. माझ्या वहीत बिबट्यावर एक विनोद होता, सदाशिव पेठेत बसून लिहिलेला. तो मी वहीबाहेर काढला नाही. बिबट्यावर विनोद करायचा हक्क रात्री दारं धरायला जाणाऱ्याचा, आणि तो दाजी पुरेपूर बजावतात. "लाइट रातच्याला येती," ते म्हणाले. "कवा येती आमाला म्हाईत नसतं. बिबट्याला असतं. आमी जातो तवा तो मोटारीपाशी आधीच बसल्याला. मंडळाचा माणूस वाटतो."

मग मी पडवीतच येरझाऱ्या घातल्या. या टोकाला कांद्याची गोणी, त्या टोकाला मोटारसायकल. भाचा मोजत होता आणि मध्येच आकडा विसरून पहिल्यापासून सुरू करत होता. पुढे विटांचा कार्यक्रम. घराच्या मागे एक भाजलेली वीट सापडली आणि एक सिमेंटचा ठोकळा. दोघांची उंची वेगळी. खाट एकाच वेळी पायाकडे आणि भिंतीकडे कलली. मी डाव्या कुशीवर निजलो तो पहाटे पायथ्याशी गोळा होऊन उठलो. शेजारच्या आजी दूध घालायला आल्या, त्यांनी खाटेखालच्या विटा पाहिल्या आणि मला काही न विचारता ताईला म्हणाल्या, "करणी-बिरणी हाय का गं भावावर?"

उन्हं वर येईपर्यंत बातमी पारावर पोचली होती. अ‍ॅसिडिटी या आजाराला गावात पथ्य कोणी पाळत नाही, औषध मात्र प्रत्येकाकडे असतं. एकाने आमसुलाचं पाणी सांगितलं, दुसऱ्याने मोरावळा, तिसऱ्याने थंड दूध. चौथा म्हणाला, दूध अजिबात नको, ताक घ्या. यावरून तिसऱ्या-चौथ्यांत जुंपली. ते भांडण जुनं, दूध संस्थेच्या निवडणुकीतलं होतं असं नंतर कळलं. कोपऱ्यातले एक आबा शांत होते. त्यांनी आधी चौकशी केली.

"नेमकं व्हतं काय?"

"घशाशी येतं, आबा."

"काय येतं?"

"आंबट पाणी."

"कवा येतं?"

"आडवा झालो की."

"मंग उभं ऱ्हावा की."

पार हसला. दूधवाला आणि ताकवालासुद्धा हसले. मी हा संवाद घाईघाईने वहीत उतरवला आणि वाचून पाहिला. माझं एकही वाक्य विनोदी नव्हतं. आबांचंही शेवटचं सोडलं तर नव्हतं, आणि तेही एकटं वाचलं तर नुसता सल्लाच. हसू या दोघांच्या मधल्या जागेत कुठेतरी बसलेलं होतं.

"ही बतावणी झाली," आबा म्हणाले. "सरदार सवाल करतो, सोंगाड्या जवाब देतो ती. तुमी एकलेच लिहिता का?"

"हो."

"मंग सवाल कोन करतं?"

तमाशाचा क्रम आबांना पाठ होता: गण, गौळण, मग बतावणी, मग रंगबाजी आणि वग. बतावणी लिहून ठेवत नाहीत. ज्या गावात खेळ, त्या गावातलं काहीतरी तिच्यात येतं: तिथली पाणीटंचाई, तिथला सरपंच. मावळातल्या इंदोरीचे दादू इंदुरीकर 'गाढवाचं लग्न' मध्ये सावळ्या कुंभार व्हायचे; शहरातल्या नाट्यगृहांना हजरजबाबीपणा काय असतो ते त्यांनी दाखवलं. कवलापूरचे काळू-बाळू जुळे भाऊ, त्यामुळे त्यांना सवाल करणारा जन्मतःच मिळालेला. "तुमी एकटं पडला," आबांनी निदान केलं. हे डॉक्टरांच्या चित्रात नव्हतं.

गावच्या यात्रा कमिटीचे लोक दुपारी जीपने नारायणगावला निघाले होते, तमाशाची सुपारी द्यायला. मला मागे घेतलं, जीपमधल्या गचक्यांनी पित्ताला आणखी उधाण येईल हे माहीत असूनही. तसं त्यांनी बोलूनही दाखवलं.

पाडव्याच्या आधी नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक फडाचा फलक, आत सतरंजी, एक टेबल, एक वही, फोन आणि व्यवस्थापक. गावोगावच्या कमिट्या राहुटीतून राहुटीत फिरतात. भाव तिथीवर ठरतो. चैत्री पौर्णिमेला निम्म्या महाराष्ट्रात यात्रा, त्यामुळे त्या रात्रीचा दर ऐकून कमिटीतल्या एकाला उचकी लागली. अधल्यामधल्या वाराला तोच फड खाली येऊन बोलतो. आमच्या कमिटीने चहा चार राहुट्यांत घेतला आणि सुपारी कुठेच दिली नाही. घासाघीस हाच एक खेळ होता आणि त्याला तिकीट नव्हतं.

नारायणगाव हे विठाबाईंचं गाव. विठाबाई नारायणगावकरांची एक गोष्ट तिथे प्रत्येकजण सांगतो: खेळ चालू असताना कळा सुरू झाल्या, राहुटीच्या मागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. २००२ साली त्या गेल्या. त्या गावात उभं राहून "मला जरा जळजळ होतेय, जीप सावलीत घेता का?" असं म्हणायला जीभ रेटेना. मी उन्हातच उभा राहिलो.

एका राहुटीत कमिटी भावावर अडली होती. मागच्या बाजूला एक वयस्कर सोंगाड्या बसले होते, मेकअपशिवाय, बनियनवर. दाजींच्या चुलत्यांनी माझी ओळख करून दिली: "हे पाव्हणं विनोद लिवत्यात." सोंगाड्यांनी मान हलवली, एखाद्याला साप चावलाय असं कळल्यावर हलवावी तशी.

"वाचा."

मी वहीतला सगळ्यात चांगला वाचला. नवरा-बायकोचा. त्यांनी शेवटपर्यंत नीट ऐकला.

"या नवऱ्याला काय पायजे?"

"पाहिजे म्हणजे? काही नाही. तो फक्त बोलतो."

"काय नको तर बोलतो कशाला? झोपू द्या त्याला." मग थोडं थांबून म्हणाले, "दोघांतल्या एकाला कायतरी पायजे आसतं आन दुसऱ्याला ते द्यायचं नसतं. मंग लोक बघत्यात. आन तुमचा शेवटचा शब्द लय लवकर भाईर येतो. लोकांनी मागितल्याबिगर सोडायचा नाय."

माझ्या जठराबद्दल डॉक्टर हेच म्हणाले होते. मी सोंगाड्यांना तसं सांगितलं: माझी झडपच ढिली आहे, वेळेआधी वर येतं, आम्लही आणि विनोदही.

सोंगाड्यांचे डोळे एकदम चमकले. "तुमाला बी हाय?"

त्यांना वीसेक वर्षांपासून होतं. खेळ संपायला रात्रीचे दोन. जेवण तीनला, रस्सा-भाकरी. मग सामान ट्रकात चढलं की त्या सामानावर आडवं व्हायचं आणि उजाडता पुढच्या गावात उतरायचं. डॉक्टरांच्या कागदावरचा एकेक नियम ते नियमाने मोडत होते. मी विचारलं, बोर्डावर असताना ढेकर आला तर?

"आला तर आला. मी सरदाराकडं बघतो. सरदार इचारतो, 'जेवला वाटतं?' मी म्हनतो, 'न्हाय, सरदार. कालचंच चाललंय आजून.'"

मी हसलो, पोटावर दाब येईल इतका. घशाशी आलं. गिळलं.

"हे कोणी लिहून दिलं?"

"पित्तानं."

खिशात गोळ्यांची पट्टी होती. ती दिली, आणि एकदा डॉक्टरला दाखवूनच सुरू करा असं बजावलं. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, उजेडाकडे धरली.

"घ्यायची कवा?"

"सकाळी उठल्यावर, उपाशीपोटी."

"आमची सकाळ दुपारी दोनला व्हती."

"मग दोनला. आणि अर्ध्या तासाने न्याहारी."

सोंगाड्यांनी राहुटीच्या पुढच्या भागाकडे पाहिलं. तिथे आमची कमिटी पाच हजारांवरून इरेला पेटली होती आणि व्यवस्थापकाने वही मिटली होती.

"गोळी घेतो," ते म्हणाले. "न्याहारीचं तुमच्या पाव्हण्यांना इचारा."