३६चा आकडा

पेसमेकर हा शब्द मी आजवर फक्त मित्रांच्या वडिलांच्या संदर्भात ऐकला होता. सोसायटीच्या बागेत कानटोपी घालून बसणाऱ्या मंडळींची ती वस्तू. मुलीची बारावी आणि घराचे हप्ते दोन्ही ऐन रंगात असताना, बावन्नाव्या वर्षी ती माझ्या वाट्याला यावी, हे काही पटेना. मधुमेह चालला असता. त्याला आमच्या ऑफिसात प्रतिष्ठा आहे. बिनसाखरेच्या चहाचा वेगळा थर्मास येतो.

जिना चढताना येणाऱ्या अंधारीचं निदान घरात केव्हाच झालं होतं. आईच्या मते पित्त, बायकोच्या मते मोबाइल, शेजारच्या काकांच्या मते बी-ट्वेल्व्ह. डॉक्टरांनी नाडी मोजली, ती भरली ३६. ईसीजीच्या कागदावर बोट ठेवून ते म्हणाले, ‘कम्प्लीट हार्ट ब्लॉक.’ मावशीने त्यातला ‘ब्लॉक’ तेवढा उचलला आणि अँजिओप्लास्टी झालेल्या सगळ्या नातेवाइकांची यादी म्हणून दाखवली. पण हा अडथळा रक्ताच्या वाटेवरचा नव्हे, विजेच्या वाटेवरचा. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून मिनिटाला साठ ते शंभर वेळा हुकूम सुटतो आणि मधल्या एका गाठीतून खाली पोचतो. ही गाठ सुनाओ तवारा नावाच्या जपानी डॉक्टरने जर्मनीत राहून १९०६ मध्ये जगापुढे मांडली. माझ्याकडे हुकूम वेळच्या वेळी सुटत होते. खाली ते कुणी वाचत नव्हतं. खालचे कप्पे आपल्याच मर्जीने, रमतगमत चालले होते. वरच्यांचा आणि खालच्यांचा छत्तीसचा आकडा, आणि नाडीही छत्तीसच! आजाराला एवढी विनोदबुद्धी असेल असं वाटलं नव्हतं.

यावर उपाय म्हणजे पेसमेकर. यंत्र वीस-तीस ग्रॅमचं. कॉलरबोनखाली कातडीच्या आत बसवतात, तारा शिरेतून हृदयात सोडतात. जागा तेवढी बधिर करतात. मी विचारलं, ‘बॅटरी किती वर्षं?’ ‘आठ ते बारा.’ बायकोने विचारलं, ‘इंडक्शन शेगडी?’ ‘दोन फूट लांब राहायचं.’ ‘त्याची काळजी नको,’ ती म्हणाली, ‘हे पहिल्यापासूनच दहा फूट लांब असतात.’

रात्री झोप लागेना, म्हणून वाचत बसलो आणि आर्ने लार्सन भेटले. शरीरात पेसमेकर बसवलेला जगातला पहिला माणूस. ठिकाण स्टॉकहोमजवळचं कॅरोलिन्स्का रुग्णालय, तारीख ८ ऑक्टोबर १९५८, आणि वय फक्त ४३! म्हणजे कानटोपीवाल्यांनी ही वस्तू नंतर बळकावली. मूळची ती आम्हा हप्तेवाल्यांची. लार्सनबाईंनी डॉक्टर आणि इंजिनियर दोघांचा पिच्छा पुरवला, तेव्हा कुठे यंत्र तयार झालं. इंजिनियर एल्मक्विस्ट यांनी त्याचं आवरण बुटाच्या पॉलिशच्या डबीत ओतून घडवलं. ते यंत्र काही तासांतच बंद पडलं. पुढे लार्सन यांनी वीसहून जास्त यंत्रं वापरली आणि २००१ मध्ये, ८६व्या वर्षी, त्वचेच्या कर्करोगाने गेले. तोवर एल्मक्विस्ट आणि शस्त्रक्रिया करणारे सेनिंग, दोघेही निवर्तले होते. रुग्णाने असं चिवट असावं.

बायकोला एक गोष्ट सांगून ठेवायची होती: दहनाआधी हे यंत्र काढून घ्यावं लागतं, नाहीतर उष्णतेने बॅटरी फुटते. शिवाय अमेरिकेतल्या दिवंगतांचे पेसमेकर निर्जंतुक करून मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात गरजूंना बसवले, त्याचा अहवाल २०११ मध्ये आला आहे. तेव्हा माझंही कुणाला तरी... आईने पुढे बोलू दिलं नाही. देवापाशी दिवा लावून आली आणि म्हणाली, ‘आधी बसवून तर घे.’

तर बुधवारी बसवून घेतो आहे. भेटायला जरूर या. फक्त तुमच्यापैकी ज्यांना जिन्यावर अंधारी येते, त्यांनी येण्याआधी एक ईसीजी काढून घ्या. पित्ताची गोळी नंतरही घेता येते.