‘स्ट्रिक्ट’वर भागवू नका

इंग्रजी शब्दकोशात ‘अ‍ॅब्सोल्यूट’च्या शेजारी ‘टोटल’, ‘कम्प्लीट’, ‘अटर’, ‘अनकंडिशनल’ अशी बरीच भावंडं नांदतात. बोलताना एकाच्या जागी दुसरं आलं तर कुणाचं काही बिघडत नाही. न्यायालयात मात्र बिघडतं. कारखान्यातून विषारी वायू सुटतो, माणसं मरतात, आणि आदेशात ‘स्ट्रिक्ट लायबिलिटी’ लिहिली की ‘अ‍ॅब्सोल्यूट लायबिलिटी’, यावर कंपनीला निसटायला वाट उरते की नाही हे ठरतं. या देशाला दुसरा शब्द माणसं मेल्यानंतरच मिळाला. तो वापरण्यात आपण आजही कचरतो.

आधी ‘स्ट्रिक्ट’चं पाहू. इंग्लंडमधल्या लँकशायरात रायलँड्स नावाच्या गिरणीवाल्यानं पाण्याचा तलाव बांधून घेतला. तलावाखाली जुन्या खाणींची भुयारं होती. पाणी त्यातून शेजारच्या फ्लेचरच्या कोळसा खाणीत घुसलं. १८६८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं निकाल दिला: धोक्याची वस्तू आपल्या जमिनीवर आणून साठवलीत आणि ती बाहेर पडून दुसऱ्याचं नुकसान झालं, तर तुमचा निष्काळजीपणा असो वा नसो, भरपाई तुम्हीच द्यायची.

त्या काळी हे मोठं पाऊल होतं. पण या नियमाला पळवाटा आहेत. दैवी आपत्ती आली, तिऱ्हाइतानं काही केलं, नुकसान झालेल्याचीच चूक होती, त्याची संमती होती, किंवा कायद्यानंच ते काम करायला परवानगी दिली होती, असं दाखवता आलं की मालक सुटतो. तलावाच्या पाण्यासाठी हे एक वेळ चालेल. मिथाइल आयसोसायनेटसारख्या विषारी वायूसाठी चालणार नाही.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये तोच वायू सुटला. वर्ष उलटून एक दिवस होत नाही तोच, ४ डिसेंबर १९८५ ला, दिल्लीतल्या श्रीराम फूड्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यातून ओलियम वायू गळला. तीस हजारी न्यायालयात वकिली करणारा एक वकील त्यात गेला, असं न्यायालयासमोर सांगण्यात आलं. याच कारखान्याविरुद्ध वकील एम. सी. मेहतांची याचिका सर्वोच्च न्यायालयात आधीपासून होतीच. २० डिसेंबर १९८६ ला सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं, की एकोणिसाव्या शतकातला इंग्रजी नियम आजच्या भारताला पुरणार नाही.

त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या. पहिली: घातक उद्योग करणाऱ्याची जबाबदारी ‘अ‍ॅब्सोल्यूट’ असेल आणि ‘स्ट्रिक्ट’च्या कुठल्याही पळवाटा तिला लागू होणार नाहीत. दुसरी: भरपाई उद्योगाच्या ताकदीच्या प्रमाणात ठरेल. जितका मोठा आणि संपन्न उद्योग, तितकी मोठी रक्कम. कारणंही स्वच्छ आहेत. धोक्यातून नफा जो कमावतो, त्या धोक्याचा खर्चही त्यानंच उचलायचा. शिवाय टाकीत काय आहे, ते कधी भडकू शकतं आणि कसं रोखायचं, हे जाणून घेण्याचं बळ फक्त उद्योगाकडे असतं. भिंतीपलीकडच्या चाळीत झोपलेल्या माणसाकडे ते नसतं.

भारतीय न्यायालयांनी देशाला दिलेल्या सगळ्यात न्याय्य नियमांपैकी हा एक आहे, असं मला वाटतं. म्हणूनच पुढचं वाचताना चीड येते.

त्या निकालानं प्रत्यक्ष कुणालाही भरपाई दिली नाही. ओलियमनं बाधित झालेल्यांचे दावे योग्य त्या न्यायालयात दाखल करावेत, असं दिल्लीच्या कायदेशीर मदत मंडळाला सांगण्यात आलं. नियम जाहीर झाला आणि माणसं पुन्हा रांगेत उभी राहिली.

भोपाळचं काय झालं? कारखानदार कंपनीवर भारत सरकारचा दावा ३३० कोटी डॉलरचा होता. फेब्रुवारी १९८९ मध्ये तडजोड झाली ४७ कोटी डॉलरवर. ज्या दुर्घटनेमुळे देशाला नवा नियम सुचला, तिचा हिशेब त्या नियमानुसार निकाल न लागताच मिटवला गेला. ही रक्कम अपुरी आहे म्हणून केंद्र सरकारनं पुढे आणखी सुमारे ७,८४४ कोटी रुपये मागितले. १४ मार्च २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं ती याचिका फेटाळली.

दरम्यान या नियमावरच शंका घेतली गेली. भरपाई दिलीच नव्हती, तेव्हा ते न्यायालयाचं ओघात आलेलं मत होतं, बंधनकारक कायदा नव्हे, असं १९९१ च्या भोपाळ निकालात म्हटलं गेलं. या शंकेला उत्तर मिळालं ते राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावामुळे. तिथल्या कारखान्यांनी ‘एच अ‍ॅसिड’ बनवताना निघणारा विषारी गाळ उघड्यावर टाकला. तो जमिनीत मुरला आणि विहिरींचं पाणी काळवंडलं. १९९६ साली न्यायमूर्ती जीवन रेड्डींनी निःसंदिग्ध शब्दांत लिहिलं, की १९८६ चा नियम हाच आपला कायदा आहे. तरी पैसे भरण्याची टाळाटाळ चालूच राहिली. शेवटी २०११ मध्ये न्यायालयाला सुमारे ३७ कोटी रुपये चक्रवाढ व्याजासह भरायला सांगावं लागलं. निकालानंतर पंधरा वर्षं गेली. तेवढ्यात गावात एक पिढी मोठी झाली.

मग ७ मे २०२० उजाडला. टाळेबंदीनंतर सुरू होत असलेल्या विशाखापट्टणमच्या एलजी पॉलिमर्स कारखान्यातून पहाटे स्टायरीन सुटलं आणि बारा जणांचा जीव गेला. दुसऱ्याच दिवशी राष्ट्रीय हरित लवादानं कंपनीला ५० कोटी रुपये जमा करायला सांगितलं. या तत्परतेचं कौतुक करायलाच हवं. पण आदेशात शब्द कुठला होता? ‘स्ट्रिक्ट लायबिलिटी’. सर्वोच्च न्यायालयानं चौतीस वर्षांपूर्वी अपुरा ठरवलेला शब्द! कायद्याच्या जाणकारांनी त्यावर बोट ठेवलं. लवादाच्या जूनच्या आदेशात ‘स्ट्रिक्ट’ आणि ‘अ‍ॅब्सोल्यूट’ शेजारीशेजारी आले. हे दोन शब्द जोडीनं वापरायचे नाहीतच. एक आला की दुसरा जायला हवा, कारण एकात पळवाटा आहेत आणि दुसऱ्यात नाहीत.

कायदे करणाऱ्यांनीही हीच ढिलाई केली. २०१० साली अणुअपघाताच्या जबाबदारीचा कायदा झाला तेव्हा त्यात चालकाची जबाबदारी १,५०० कोटी रुपयांवर थांबवली गेली, आणि असाधारण नैसर्गिक आपत्ती, युद्ध, दहशतवाद यांत सूटही दिली गेली. १९८६ मध्ये बंद केलेली दारं संसदेनं पुन्हा उघडली. तारापूरच्या शेजारी राहणाऱ्यांना आणि जैतापूरच्या मच्छीमारांना याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही.

आपल्या दारातलंच बोलू. डोंबिवलीच्या एमआयडीसीत २६ मे २०१६ ला आणि पुन्हा २३ मे २०२४ ला रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले. २०२४ मध्ये राज्य सरकारनं मृतांच्या नातेवाइकांना पाच लाखांची मदत जाहीर केली. मदत द्यायलाच हवी. पण ती तिजोरीतून जाते, म्हणजे तुमच्याआमच्या करातून. धोक्याचा नफा एकाचा आणि भरपाई सगळ्यांची, हे १९८६ च्या निकालाच्या थेट उलट आहे. मदत म्हणजे सरकारची सहानुभूती. भरपाई हा माणसाचा हक्क. या दोहोंची गल्लत झाली की कारखानदार मोकळा होतो.

उद्योगांची हाकाटी असते, की अशी जबाबदारी लादली तर गुंतवणूक पळेल. पळू द्या. जो उद्योग स्वतःच्या धोक्याची किंमत चुकवू शकत नाही, तो शेजाऱ्यांच्या जिवावर चाललेला असतो. विम्याची सोय कायद्यानं १९९१ मध्येच केली आहे. पण त्या कायद्याच्या मूळ परिशिष्टात मृत्यूसाठी तातडीचं साहाय्य किती होतं? २५ हजार रुपये. ‘उद्योगाच्या ताकदीच्या प्रमाणात’ हे शब्द ज्या देशाच्या घटनापीठानं लिहिले, त्याच देशात ही रक्कम लिहिली गेली.

म्हणून पुढच्या स्फोटानंतर मंत्री घटनास्थळी आले की पत्रकारांनी मदतीचा आकडा विचारून थांबू नये. तीन प्रश्न विचारावेत. कंपनीवर ‘अ‍ॅब्सोल्यूट लायबिलिटी’नं दावा कोण लावणार? कंपनीची मालमत्ता आणि उलाढाल पाहून भरपाई ठरवणार का? आणि ती किती महिन्यांत वसूल करणार? नगरसेवकांनी, कामगार संघटनांनी, एमआयडीसीच्या कुंपणाला लागून राहणाऱ्या प्रत्येक सोसायटीनं हे प्रश्न पाठ करून ठेवावेत. सौम्य शब्द चालवून घेतला, तर न्यायही सौम्यच मिळेल. घटनापीठानं दिलेला शब्द जसाच्या तसा मागा. तो तुमचा हक्क आहे.