एक ते एकतीस बंद

पुण्यातली दुकानं दुपारी एक ते चार बंद असतात म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना एकदा ऑगस्टमध्ये पॅरिसला आणायला हवं. इथे एक ते चार नाही, एक ते एकतीस! आमच्या दहाव्या वॉर्डातला खाटीक, चांभार, न्हावी, सगळे शटरवर एकेक कागद चिकटवून समुद्राकडे पसार होतात. कागदावर दिलगिरी वगैरे काही नसते. उलट 'आपणांसही सुट्टीच्या शुभेच्छा' असतात. म्हणजे आपण गेलो नाही, ही चूक आपलीच.

याचं पुण्य लिऑं ब्लूम यांच्या सरकारचं. १९३६ साली त्यांनी कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. १९८२ पर्यंत ती वाढत वाढत पाच आठवड्यांवर गेली. आता जुलैवाले परतताना आणि ऑगस्टवाले निघताना महामार्गावर आमनेसामने येतात. त्या शनिवारी सरकारी वाहतूक सेवा नकाशावर काळा रंग फासून लोकांना सावध करते. लोक नकाशा नीट बघतात आणि त्याच शनिवारी निघतात.

पावाची गोष्ट मात्र वेगळी. पाव मिळाला नाही की इथली जनता काय करते, ते १७८९ साली राजाने पाहिलं होतं. म्हणून निम्म्या बेकरीवाल्यांनी जुलैत आणि निम्म्यांनी ऑगस्टात रजा घ्यायची, असा सरकारी दंडक होता. २०१५ च्या उन्हाळ्यापासून तो सुटला. तेव्हापासून ऑगस्टात आमच्याकडे कढीपत्ता हाकेच्या अंतरावर आणि बॅगेट मात्र दोन मेट्रो स्टेशनं पलीकडे. कारण शेजारच्या ला शापेल वस्तीतली तमिळ दुकानं बारा महिने उघडी. भेंडी, कारली, शेवग्याच्या शेंगा, काय हवं ते घ्या.

आमच्या इमारतीची राखणदारीणबाई पोर्तुगालला माहेरी जाते, आणि मग सगळ्या किल्ल्या माझ्याकडे येतात. वर्षभर जिन्यात 'बाँजूर'च्या पुढे न सरकलेली माणसं जुलैअखेर दारात उभी राहून अख्खं घर माझ्या हवाली करतात. तिसऱ्या मजल्यावरच्या मादामनी तर दोन पानी सूचना दिल्या. टोमॅटोला पाणी संध्याकाळीच, पानांवर नको. टपाल आकारानुसार लावावं. मांजराशी फ्रेंचमध्ये बोलावं. मी बोललो. त्याने माझे उच्चार ऐकून घेतले आणि पाठ फिरवली. मराठीत 'ये रे बाबा, गिळ' म्हटल्यावर मुकाट्याने जेवलं.

बाकी चैन असते. बाकावर जागा मिळते, रस्ता कुठेही ओलांडता येतो, वरच्या मजल्यावरचा पियानो गप्प असतो. उरलेले आम्ही म्हणजे म्हातारे, विद्यार्थी आणि परदेशी. एरवी एकमेकांकडे न बघणारे आम्ही आता कोणती बेकरी उघडी आहे याची गुप्त खबर एकमेकांना देतो.

ऑगस्ट सरता सरता किंवा सप्टेंबर लागता लागता एका रविवारी ला शापेलच्या माणिक्क विनायगर मंदिराचा गणपती रथात बसून निघतो. रस्त्यावर नारळांचे ढीग फुटतात. सुट्टीहून परतणारे लोक गार द्यू नोर स्टेशनातून बॅगा ओढत बाहेर पडतात ते थेट त्या नारळाच्या पाण्यात.

मादामही उन्हाने लालबुंद होऊन किल्ली न्यायला आल्या. कळवळून म्हणाल्या, "अरेरे, महिनाभर तुम्ही इथेच होतात? सुट्टी नाही मिळाली?"

"मिळाली ना," मी म्हटलं, "आजच संपली."