वाहन घोडा

पाऊस खिडकीत बसून पाहावा, त्यावर चार पाने लिहावीत, ती दिवाळी अंकाच्या संपादकांकडे मुदतीत रवाना करावीत आणि त्यांची पोच येईपर्यंत शरद ऋतूच्या वर्णनास हात घालावा, असा माझा कित्येक वर्षांचा शिरस्ता आहे. आणि या शिरस्त्यापायी महाराष्ट्रातील ऋतूंचे सारे दप्तर आपल्याच हवाली केलेले आहे, अशी एक सुखद भावना माझ्या ठिकाणी मूळ धरून बसली आहे. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली प्रसिद्ध झाले, याला माझा इलाज नाही. परंतु त्यांच्यानंतर कोण, असा प्रश्न कोणी काढलाच तर त्या वेळी आपण घरी असावे, एवढी खबरदारी मी घेत आलो. तो प्रश्न अद्याप कोणी काढलेला नाही. मध्यंतरी घरात कन्यारत्नाचे आगमन झाले, ते आता दीड वर्षाचे आहे, आणि घरात ऋतू कोणता चालू आहे हे ठरवण्याचा माझा अधिकार बिनशर्त खालसा झाला आहे.

कालिदासाने ऋतुसंहाराचा आरंभ ग्रीष्मापासून केला आणि सहाव्या सर्गात वसंतापाशी येऊन लेखणी ठेवली. त्या सहाही सर्गांत प्रिया आहे, चंदन आहे, मेघ आहेत, मोर आहेत. दोरीवर वाळत घातलेले दुपटे मात्र औषधालाही सापडत नाही. यावरून कवीला मूल नसावे असे अनुमान काढण्याचा मोह मला होतो, पण आमच्या सौभाग्यवतीचे अनुमान निराळे आहे. तिच्या मते कवीला मुले भरपूर असावीत आणि दुपटी वाळत घालणारी दुसरी कोणीतरी असावी. एरव्ही सहा ऋतूंवर एवढे सविस्तर लिहायला माणसाला सवड कोठून मिळणार? हे विधान तिने माझ्याकडे न पाहता केले, म्हणून मी ते सर्वसाधारण स्वरूपाचे समजलो.

आमच्याकडे वर्षाऋतू माजघरात सुरू होतो. मृगाचा पहिला शिडकावा होताच दाराच्या चौकटीपासून कपाटाच्या कडीपर्यंत एक दोरी ताणली जाते, तिच्यावर लंगोट, झबली, दुपटी आणि कुंच्या यांची रांग लागते, आणि ज्याला या खोलीतून त्या खोलीत जायचे असेल त्याने मान लववूनच जावे, असा दंडक कोणी फर्मान न काढता अमलात येतो. पूर्वी या दिवसांत मी मृद्गंधावर लिहीत असे. हल्ली शेगडीवर पालथ्या घातलेल्या दुरडीवर अर्धवट वाळलेले लंगोट पसरलेले असतात, निखाऱ्यांवर ओव्याची चिमूट पडते, आणि धूर, ओवा व ओलसर सूत यांचा मिळून जो वास घरभर फिरतो, तो छापील वाङ्मयात माझ्या तरी वाचनात आलेला नाही. दुरडीवरचे कापड सारखे परतावे लागते, कारण ते वाळण्याची आणि करपण्याची घटका जवळजवळ एकच असते. हे सारे मला लांबून पाहून ठाऊक आहे.

येथे पंचांगाविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. वाचकांस घाई असल्यास त्यांनी हा भाग खुशाल वगळावा, मला मात्र तो वगळवत नाही. पावसाच्या प्रत्येक नक्षत्रापुढे त्याचे वाहन छापलेले असते, हे सर्वांना माहीत आहे. पण सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजावे, आलेल्या संख्येला नऊने भागावे आणि उरलेल्या बाकीवरून वाहन ठरवावे, एवढ्या कोरड्या गणितातून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव आणि हत्ती असा नऊ जनावरांचा लवाजमा बाहेर पडावा, यातले काव्य किती जणांनी पाहिले आहे? बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला की पाऊस भरपूर. मोर, उंदीर किंवा गाढव आले की मध्यम. कोल्हा अगर मेंढा आला की शेतकऱ्याने नुसते आभाळाकडे पाहायचे. आणि घोडा आला की पाऊस डोंगराळ मुलखात. पाऊस वर्तवायला आमच्या पुणे शहरात सिमला ऑफिसही आहे. हवामानखात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून येथे आले, ते सिमल्याचे नाव सोबत घेऊनच. तेथील विद्वान हवेचा दाब आणि वाऱ्याची दिशा मोजून अंदाज वर्तवतात व त्यांच्या शास्त्राविषयी मला नितांत आदर आहे. पण त्यांच्या पत्रकात गाढव नसते, आणि गाढव नसलेल्या पत्रकाचा दीड वर्षाच्या व्यक्तीला काडीइतका उपयोग नाही.

पंचांग हे आमच्या कन्येचे पहिले पुस्तक ठरले ते यामुळे. तिला मांडीवर घेऊन मी 'वाहन म्हैस' म्हणावे आणि तिने जागच्या जागी हंबरावे. मी 'वाहन बेडूक' म्हणावे आणि तिने गाल फुगवून माझ्या चष्म्यावर तुषारसिंचन करावे, असा आमचा पाठ चाले. मोराचा म्हणून ती कावळ्याचाच आवाज काढते, पण ज्यांनी मोर प्रत्यक्ष ऐकला आहे ते तिला दोष देणार नाहीत. पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा, मघांचा सासूंचा आणि पूर्वांचा सुनांचा, हेही मी तिला सांगून ठेवले आहे. पुढेमागे तिला त्याचा उपयोग होईल. आमची मुलगी पंचांग वाचते, असे मी आल्यागेल्याला दाखवू लागलो आणि लवकरच हे शास्त्र मूळ कक्षेबाहेर नेले. सकाळी कन्येचे मुखावलोकन करून त्या दिवसाचे वाहन मी जाहीर करी. मेंढा असला म्हणजे दूध नको, वाटी नको, झबले नको, आणि या नामंजुरीची कारणे विचारण्याचा हक्कही आम्हांला नको. कोल्हा असला म्हणजे घरात विलक्षण शांतता नांदे आणि थोड्या वेळाने माझ्या दौतीचे बूच पलंगाखाली सापडे. हत्तीच्या दिवशी भरपूर वृष्टी म्हणजे काय, ते माझ्या धोतराला विचारावे.

एका सकाळी, हत्ती हे उत्तर मनाशी धरून, मी सौभाग्यवतीला सहज विचारले, "आणि माझे वाहन कोणते म्हणशील?"

"घोडा," पोळी लाटता लाटता ती म्हणाली.

हत्ती नाही, पण घोडाही काही वाईट नव्हे. घोडा म्हणजे वेग, घोडा म्हणजे शौर्य, घोडा म्हणजे शनिवारवाडा, असा अर्थ लावून मी दिवसभर काहीसा ताठ चाललो. घोड्याचे फल मीच तिला पंचांगातून वाचून दाखवले होते, हे ध्यानात यायला संध्याकाळ झाली.

तो डोंगराळ मुलूख कोणता, हे समजण्यासाठी हेमंताकडे वळले पाहिजे. थंडीच्या दिवसांत रविवारी सकाळी कन्येला कडेवर घेऊन मी पेशवे पार्कात जातो. तेथे फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी धावू लागल्यापासून निम्मे पुणे लोटलेले असते, आणि त्या गर्दीत लेकराला कानटोपी सारखी करून देणारा पुरुष दिसला की समस्त काकू, मावश्या आणि आत्याबाई थबकतात. "बाप असून पोरीला किती सांभाळतात हो!" "असा नवरा मिळायला पुण्याई लागते!" या सनदा छातीशी धरून मी घरी परततो. कानटोपी जिने विणली, पोरीला जिने तेल चोळून न्हाऊ घातले, पेजेची वाटी तासभर मागे फिरून जिने तिच्या पोटात उतरवली, ती त्या वेळी मोरीत दुपटी धूत असते. 'आई असून पोरीला किती सांभाळते' असे तिला आजवर कोणी म्हटलेले नाही. या कौतुकाचा मला अलीकडे राग येतो. मात्र तो येतो ते कौतुक संपूर्ण ऐकून झाल्यावर.

संक्रांतीनंतरचे बोरन्हाण हा असाच एक डोंगर. काळे झबले, हलव्याचे दागिने, डोक्यावर हलव्याचा मुकुट अशा थाटात कन्या पाटावर बसली; बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे आणि चुरमुरे यांचा तिच्यावर वर्षाव झाला; जमलेली पोरे बोरांवर तुटून पडली. उत्सवमूर्तीने मुकुट ओढून काढला आणि तो चाटण्यास आरंभ केला. लाळेने काटे विरघळून साखरेचा ओघळ हनुवटीपर्यंत आला, त्याला एक चुरमुरा चिकटला, आणि तो जिभेने गाठण्याच्या प्रयत्नात तिचे दोन्ही डोळे नाकाकडे वळले. मी त्या प्रसंगी हेमंताच्या सांस्कृतिक महत्त्वावर चार शब्द बोललो. हलव्याला काटा थंडीतच चांगला फुलतो, म्हणून आधीच्या रात्री मंद निखाऱ्यांवर परात ठेवून, थेंब थेंब पाक घालीत, पोळलेल्या बोटांनी तीळ फिरवीत कोण बसले होते, हा विषय माझ्या भाषणात आला नाही.

वसंत आणि ग्रीष्म यांविषयी विशेष सांगण्यासारखे नाही. एकात गोवर आला, दुसऱ्यात घामोळे आले, आणि आमरसाच्या वाटीची आणेवारी काढता पोटापेक्षा कोपरावर पीक अधिक आढळले.

यंदा म्हाताऱ्या पावसात कन्येला ताप चढला. खाली ठेवले की रडे आणि खांद्यावर घेतले की कण्हे, म्हणून रात्रभर सौभाग्यवती तिला खांद्यावर घेऊन, दोरीखाली मान लववीत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरत राहिली. मी जागा होतो. दिवाळी अंकाची मुदत जवळ आली होती आणि कौलांवर पडणाऱ्या सरींचा नाद त्या रात्री लिहिण्यास विशेष अनुकूल होता. 'तुम्ही झोपा, उद्या कचेरी आहे,' असे ती एकदा म्हणाली. त्या 'उद्या'त तिलाही काही होते किंवा कसे, हे विचारावे असे मला सुचले नाही. ताप उतरला तो श्रावणी शुक्रवारी. त्या दिवशी तिने पुरण शिजवले, पुरणाचे दिवे केले, भिंतीवरच्या जिवतीच्या कागदाची पूजा केली, मुलीला ओवाळले, आणि तबक मांडीवर घेऊन बसल्या जागी झोपी गेली. दिवे विझेतो तो कागद पाहण्यावाचून मला उद्योग नव्हता. जरा आणि जिवंतिका मुले घेऊन बसल्या आहेत, कृष्ण कालियावर नाचतो आहे, नृसिंह आहे. बाप कोठे दिसेना. नृसिंहाच्या कथेत एक बाप आहे, पण त्याचे पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे.

त्याच रात्री मी सरींच्या नादावरील पाने बाजूला सारली आणि सौभाग्यवतीकडे रीतसर अर्ज लिहिला. रात्री मूल रडल्यास प्रथम उठण्याची पाळी अर्जदाराची राहावी; शेगडीवरील दुरडी अर्जदाराच्या ताब्यात द्यावी; पेशवे पार्कात यापुढे तिघांनी मिळून जावे आणि मिळणाऱ्या कौतुकाची वाटणी जागच्या जागी करावी, अशी तीन कलमे घातली, आणि येत्या हस्ताचे वाहन बेडूक असल्याचा दाखला म्हणून पंचांगाचे पान सोबत जोडले. तिने अर्ज वाचला, दुरडीच्या कलमाखाली नखाने रेघ ओढली, आणि "पाऊस पडला म्हणजे बघू," असा तोंडी शेरा मारून तो तहकूब ठेवला. मंजुरीची वाट न पाहता मी दुरडीचा ताबा घेतला आहे. पहिल्याच दिवशी करपलेल्या झबल्याचा पंचनामा अद्याप पुरा व्हायचा आहे. पंच म्हणून आणलेल्या कन्येने ते झबले पाहताच जो आवाज काढला, तो मी मोराचा समजतो आणि सौभाग्यवती गाढवाचा समजते. दोन्ही वाहनांचे फल मध्यमच असल्यामुळे मी वाद वाढवलेला नाही.