राइट क्लिक, रिफ्रेश

भिलाईच्या कुठल्याही सेक्टरमधल्या क्वार्टरात जुना कॉम्प्युटर एकदाचा सुरू झाला, की समोर बसलेला गृहस्थ आधी काय करतो? माउसचं उजवं बटण दाबतो आणि ‘रिफ्रेश’ करतो. एकदा करून त्याचं समाधान होत नाही. चार-पाच वेळा होतं, मधे थोडं थांबून आणखी दोनदा होतं, आणि मग तो मोकळ्या मनाने पुढच्या कामाला लागतो. या क्रियेत यंत्र काय करतं, तर डेस्कटॉपवर कोणत्या फायली आहेत ते पुन्हा पाहतं आणि तीच चित्रं त्याच जागी पुन्हा काढतं. वेग, मेमरी, प्रोसेसर यांचा तिथे काडीचा संबंध येत नाही. म्हणजे धापा टाकत उठलेल्या यंत्राला आपण पहिलं काम सांगतो ते आत्ताच केलेलं काम पुन्हा करण्याचं. ही श्रद्धा देशभर आहे हे खरं, पण ती भिलाईत असावी याचं मला विशेष वाटतं. १९५५ साली सोव्हिएत संघाशी इथल्या पोलाद कारखान्याचा करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ ला राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं, आणि तेव्हापासून या गावाने मोजमापावर पोट भरलं. कोक किती, सिंटर किती, धातूचं तापमान किती, हे अंदाजाने सांगणाऱ्याला इथे कोणी शिफ्टमध्ये उभं केलं नसतं. तोच माणूस घरी येऊन रिफ्रेश दाबतो आणि म्हणतो, “आता बघ, हलका झाला.”

माझं म्हणणं थोडक्यात असं, की जुना कॉम्प्युटर मंद झालेलाच नसतो. प्रोसेसर २.८ गिगाहर्ट्झचा म्हणून घेतला असेल, तर पंधरा वर्षांनीही तो तेवढाच असतो. त्याला संधिवात होत नाही. हार्ड डिस्क पहिल्या दिवशी मिनिटाला ७२०० फेरे घ्यायची, आजही तेवढेच घेते, आणि ज्या दिवशी घेणार नाही त्या दिवशी ती मंद न होता बंद पडेल. बदललं ते त्याच्यावरचं ओझं. ब्राउझर दरवर्षी जाड होत गेला, अँटिव्हायरसला नवनवे संशय येऊ लागले, साध्या बातमीच्या पानामागून जाहिरातींची वरात येऊ लागली. तेव्हा सेटिंगमध्ये वेग वाढवण्याची कळ कुठेतरी लपवून ठेवलेली आहे आणि ती फक्त भाच्याला माहीत आहे, ही समजूत सोडून द्यावी. सेटिंगने काम कमी करता येतं, आणि काम कमी झालं की आपलं वाट पाहणं कमी होतं. यापलीकडे त्या खिडक्यांमध्ये काही नाही. अडचण एवढीच, की कमी करणं हे आपल्या घरांतून कुणालाच जमत नाही.

भाच्याचा उल्लेख आलाच आहे तर त्याच्या विद्येकडे जरा नीट पाहू. प्रत्येक मराठी घराला एक कॉम्प्युटरवाला भाचा असतो आणि त्याची परंपरा मौखिक असते. तो ‘रन’ची चौकट उघडून ‘ट्री’ असं टाइप करतो. काळी खिडकी उघडते, पांढऱ्या रेघा भराभर खाली धावतात, खिडकी आपोआप मिटते. दृश्य इतकं परिणामकारक असतं की आत काहीतरी झाडून निघालं याची खात्री पटते. प्रत्यक्षात ती आज्ञा फोल्डरांची वंशावळ छापून दाखवते, बस. दुसरा प्रयोग याहून थोर आहे. नोटपॅड उघडायचं, त्यात ‘मायस्ट्रिंग बरोबर कंसात आठ कोटी’ अशी एक ओळ लिहायची, फाइलला व्हीबीएस असं शेपूट लावायचं आणि दोनदा क्लिक करायचं. रॅम साफ होते म्हणतात. ही ओळ कॉम्प्युटरला सांगते की एका खोक्यात आठ कोटी हा आकडा ठेव. तो ठेवतो. पुढे काही सांगितलेलं नसल्यामुळे तिथेच थांबतो. कमी रॅमवाल्यांसाठी याच मंत्राची लहान आकड्याची आवृत्तीही असते, डोस वयानुसार.

काही प्रयोग निरुपद्रवी नसतात. ‘प्रीफेच’ नावाच्या फोल्डरातल्या फायली उडवणं हा त्यातला सगळ्यांत आवडता. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आली तेव्हापासून ती एक टिपण ठेवते: अमुक प्रोग्रॅम उघडताना पहिल्या काही सेकंदांत कोणकोणत्या फायली लागतात. पुढच्या वेळी त्या आधीच आणून ठेवता याव्यात म्हणून. आपण ते टिपण ‘कचरा’ म्हणून फाडतो, यंत्र पुढच्या वेळी चाचपडतं, आणि आपण म्हणतो, बघा, किती मंद झालाय, अजून साफ केला पाहिजे. ‘एमएसकॉन्फिग’मधली प्रोसेसरांची संख्या निवडणं हाही असाच उद्योग. विंडोज मुळात सगळे प्रोसेसर वापरतेच. ती चौकट चाचणीसाठी संख्या कमी करायला दिलेली आहे. तिथे दोनवर खूण करून दोन मिळाले म्हणून आनंद मानणाऱ्याला ते आधीपासूनच मिळत होते. एक्सपीच्या काळात विंडोज २० टक्के इंटरनेट स्वतःसाठी दाबून ठेवते अशीही वदंता होती. मायक्रोसॉफ्टने खुलासा केला की एखाद्या प्रोग्रॅमने मागणी केल्याशिवाय असं काही राखून ठेवलं जात नाही. पण सरकारी किंवा कंपनीच्या खुलाशाने वदंता मेल्याचं उदाहरण आपल्याकडे नाही.

हे सगळं फक्त आपल्या लोकांच्या भाबडेपणावर ढकलू नये. १९९५ मध्ये अमेरिकेत ‘सॉफ्टरॅम ९५’ नावाचा प्रोग्रॅम विकला गेला. रॅम दुप्पट करतो असा त्याचा दावा होता. लाखांनी लोकांनी तो घेतला, तज्ज्ञांनी उघडून पाहिला तेव्हा आत दुप्पट करणारं काहीच निघालं नाही, आणि १९९६ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनपर्यंत प्रकरण गेलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. त्याआधीच्या पीसींवर ‘टर्बो’ नावाचं बटण असायचं, त्याची कथा तर आणखी मजेची. १९८१ च्या आयबीएम पीसीचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ होता आणि काही खेळ त्या वेगाला बांधून लिहिलेले होते. नव्या यंत्रावर ते इतके सुसाट पळत की खेळताच येत नसे. म्हणून यंत्र मुद्दाम हळू करायला ते बटण दिलं होतं, आणि विकायचं असल्यामुळे त्यावर नाव उलटं घातलं. आडात नाही ते पोहऱ्यात आणून दाखवण्याचा धंदा कॉम्प्युटरइतकाच जुना आहे.

यावर भाच्याचा आक्षेप असा, की काका, तुम्ही काहीही म्हणा, पण फरक पडतो! पडतो, आणि तो मी नाकारत नाही. मात्र या प्रत्येक विधीच्या शेवटी एक वाक्य असतं: आता कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. आठवडाभर उघडा राहिलेला ब्राउझर त्यात मिटतो, अडकून बसलेले प्रोग्रॅम सुटतात, भरलेली मेमरी रिकामी होते. नुसतं रीस्टार्ट केलं असतं तरी एवढं झालंच असतं. कावळा बसला आणि फांदी तुटली, श्रेय कावळ्याला. खरी परीक्षा घ्यायची तर एकदा फक्त रीस्टार्ट करावा, एकदा विधीसकट करावा, आणि घड्याळ लावावं. कारखान्यात कुठलाही बदल असाच तपासला जातो. घरी घड्याळ कोणी लावत नाही, कारण दोन्ही वेळा सारख्या आल्या तर दुपारभराचं काम हातचं जाईल.

एक सेटिंग मात्र खरोखर काम करतं, आणि तेच सगळ्यांत गमतीचं आहे. विंडोजमध्ये मेनूवर माउस नेला की पोटमेनू उघडायच्या आधी ती ४०० मिलिसेकंद मुद्दाम थांबते. उगाच हात लागला असेल तर डोळ्यांपुढे मेनूंची फडफड नको, हा हेतू. रजिस्ट्रीत जाऊन तो आकडा शून्य केला की मेनू झटकन उघडतो आणि माणूस शपथेवर सांगतो की यंत्र तरुण झालं. यंत्र तेच, गणिताचा वेग तोच. फक्त सभ्यपणे थांबायचं ते थांबेनासं झालं. खिडक्यांच्या सावल्या, सरकत येणारे मेनू ही सजावट बंद केली तरी असाच सुखद परिणाम होतो, आणि चित्रांचं काम बेताचंच झेपणाऱ्या यंत्रावर थोडा खराही होतो. या दोन सेटिंगांना माझा पूर्ण पाठिंबा आहे. माणसाचं समाधान हीदेखील मोजण्याजोगी गोष्ट आहे, फक्त ती प्रोसेसरच्या नावावर लिहू नये.

खरी गोम हार्ड डिस्कमध्ये आहे, आणि ती भिलाईकराला समजावून सांगायला मुळीच अवघड नाही. झोतभट्टी कितीही उत्तम असो, दल्लीराजहऱ्याहून खनिज वेळेवर आलं नाही तर कंट्रोल रूममधली बटणं फिरवून लोखंड निघत नाही. ७२०० फेऱ्यांच्या डिस्कला एका फेरीला ८.३३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, शिवाय त्या डोक्याचा दांडा इकडून तिकडे न्यायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. विखुरलेल्या फायली मागितल्या तर सेकंदाला पाऊणशेच्या आसपास मागण्या पुऱ्या होतात, जास्त नाही. प्रोसेसर तेवढ्या वेळात कोट्यवधी बेरजा करून हात बांधून उभा असतो. रॅम कमी असेल तर विंडोज उरलेलं सामान डिस्कवर ठेवते, आणि रॅमपेक्षा डिस्क लाखभर पटींनी हळू. या सामानाची जागा, म्हणजे पेजफाइल, रॅमच्या दीडपट ठेवावी की दुप्पट, यावर कितीही वाद घाला, तो सगळा वाद रांगेत कुठे उभं राहावं याचा आहे, खिडकी एकच. फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली की तीच फाइल दशांश मिलिसेकंदात मिळते. भिलाईत याला कॅपिटल रिपेअर म्हणतात: भट्टी थंड करायची, आतलं विटांचं अस्तर नवं घालायचं आणि पुन्हा पेटवायची. कुठल्याही भट्टीचं अस्तर सेटिंग बदलून नवं झाल्याचं इथे कोणी ऐकलेलं नाही.

इथे एक चोख आक्षेप येऊ शकतो आणि तो मला मान्य करावा लागतो. यंत्र मंद होत नाही म्हणता, मग मे महिन्यात आमचा का होतो? होतो खरा. पारा ४५ च्या आसपास गेला की खोलीतली हवाच तापलेली, आणि प्रोसेसरचा पंखा त्याच हवेने त्याला गार करणार. खोली पंधरा अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच तापतो. २००० साली आलेल्या पेंटियम ४ पासून प्रोसेसरांना स्वतःला जपण्याची अक्कल आहे: ठरावीक तापमानाच्या वर गेलं की ते आपणहून काम कमी करतात. त्यात आपल्या गावची धूळ. ती पंख्याखालच्या अॅल्युमिनियमच्या पात्यांमध्ये बसून अशी घट्ट होते की तिथून हवा जातच नाही. मग आमचा गृहस्थ पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ‘हाय परफॉर्मन्स’ निवडतो, प्रोसेसर आणखी तापतो, आणखी दबतो. तिथे लागतो तो ब्लोअर आणि एक जुना रंगाचा ब्रश. तेही यंत्र बंद करून, अंगणात नेऊन, आणि घरातल्या मंडळींना आधी सांगून.

उरला प्रश्न कमी करण्याचा. सुपेल्याच्या दुकानात यंत्र नेलं की तिथला भैया उघडूनही न पाहता सांगतो, “अंकल, फॉर्मेट मारना पड़ेगा.” त्याचं निदान चुकीचं नसतं. फॉरमॅट केल्यावर यंत्र खरंच पळतं, कारण जमलेलं सगळं ओझं एका फटक्यात उतरतं, आणि हा माझ्या म्हणण्याला मिळालेला सर्वांत भक्कम पुरावा आहे. पण त्याच फळाचा मोठा भाग घरबसल्या मिळतो. टास्क मॅनेजर उघडावा, ‘स्टार्टअप’वर जावं, आणि यंत्राबरोबर आपोआप उठणाऱ्या मंडळींची यादी वाचावी. एका पानात काय काय सापडतं! मुलगा बारावीला असताना घातलेला गाण्यांचा प्रोग्रॅम. कधीच मुदत संपलेला अँटिव्हायरस, जो रोज सकाळी उठून आपली मुदत संपल्याचं सांगतो. वेग वाढवून देणारे दोन प्रोग्रॅम, एकमेकांवर नजर ठेवून असलेले. ज्या फोनचा आता अलार्मसुद्धा वाजत नाही त्या फोनचा मदतनीस. प्रत्येकावर राइट क्लिक करून ‘डिसेबल’ म्हणायचं. प्रोग्रॅम जात नाही, फायली जात नाहीत, फक्त न बोलावता उठणं बंद होतं. आणि पुन्हा हवा झाला तर त्याच जागी ‘एनेबल’ असतं.

इतकं समजावल्यावर गृहस्थ चष्मा वर करून यादी वाचतो. गाण्यांच्या प्रोग्रॅमपाशी थांबतो: तो मुलाचा आहे, पुण्याहून आला की विचारेल. अँटिव्हायरसचे पैसे भरले होते. वेग वाढवणारे तर काढायचे कसे, वेगच कमी झाला तर? शेवटी एक नाव उरतं, एका प्रिंटरच्या मदतनिसाचं. तो प्रिंटर शाई महाग पडते म्हणून केव्हाच भंगारात गेला. बाण त्या नावावर जातो, उजवं बटण दाबलं जातं, ‘डिसेबल’ निळं होतं, आणि स्वयंपाकघरातून विचारणा होते की काय काढताय. “काही नाही,” गृहस्थ म्हणतो आणि खिडकी बंद करतो. “असू दे. तसाच प्रिंटर पुन्हा घेतला तर?”