साहेब किल्ला तपासतात

मालवणच्या धक्क्यावर सिंधुदुर्गाच्या होडीसाठी रांग लागलेली असते, तेव्हा रांग सोडून जो गृहस्थ धक्क्याच्या काँक्रीटवर बुटाची टाच आपटून कान देत असतो, तो सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला असतो. दुसरं कुणी असूच शकत नाही. डोक्यावर कॅप, खिशाला दोन पेनं, हातात मिटलेली छत्री. ही छत्री कितीही ऊन पडलं तरी उघडत नाही, कारण ती मोजायला आणि दाखवायला असते. तिची लांबी साहेबांना तोंडपाठ आहे. बायकोची जन्मतारीख विचारून बघा.

सहलीच्या बसमध्ये सगळे त्यांना ‘साहेब’च म्हणतात, त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे असलेले जोशीमास्तरसुद्धा. निवृत्तीनंतर गाडी गेली, शिपाई गेला, सर्किट हाऊस गेलं. ‘साहेब’ तेवढं पेन्शनबरोबर चालू राहिलं. आणि साहेब म्हटलं की साइट पाहिजे. घरची गच्ची तपासून झालेली असते, सोसायटीची टाकी तपासून झालेली असते, शेजाऱ्यांनी दार उघडणं बंद केलेलं असतं. मग उरतात किल्ले. किल्ल्याचा कंत्राटदार तक्रार करायला येत नाही.

होडीत बसताना ते आधी माणसं मोजतात. तांडेल म्हणतो, “साहेबानू, वायच सरकान बसा, होडी एका बाजूक जाता.” एरवी कुणी ‘सरका’ म्हटलेलं साहेबांना खपत नाही, पण इथे भार वाटण्याचा तांत्रिक मुद्दा असल्यामुळे ते खूश होऊन सरकतात आणि तांडेलाकडे कनिष्ठ अभियंत्याकडे बघावं तसं बघतात. होडी निघते. किनाऱ्यावर राजकोट किल्ला दिसू लागतो. आणि कुणीतरी विचारतंच, “साहेब, तो पुतळा इथंच ना?” शिवाजी महाराजांचा पुतळा. २०२३च्या डिसेंबरात उभारला, २०२४च्या ऑगस्टात कोसळला, आता त्या जागी नवा उभा आहे. मघाशी धक्क्यातल्या प्रत्येक भेगेवर मत देणारे साहेब यावर छत्रीची मूठ न्याहाळतात. “माझी निवृत्ती त्याच्या कितीतरी आधीची,” एवढंच म्हणतात आणि समुद्राकडे तोंड करून बसतात. खात्याची बेअब्रू परक्यांत करायची नाही, हा त्यांचा धर्म आहे. मला तो मनापासून आवडतो, पटत नसला तरी.

किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. बुरुजांच्या वळणात तो असा लपवलाय की परक्या जहाजाने नुसतं भिंतच बघत राहावं. वाटाड्या हे रंगवून सांगू लागला की साहेब मध्येच म्हणतात, “ॲप्रोच रोड दिलेला नाही.” वाटाड्या बिचारा नवीन असतो. तो पाया भरताना शिसं ओतल्याचं सांगतो. पाच खंडी शिसं लागलं, अशी परंपरेची गोष्ट आहे. झालं! साहेबांना शिसं ऐकू आलं की हळवं होता येत नाही, हिशेब लागतो. पाच खंडी मागवलं, मग लागलं किती? उरलं किती? साइटवरच्या मालाचं रजिस्टर कुणाकडे? “शिसं हा चोरीचा माल असतो,” ते वाटाड्याला खासगीत सांगतात. वाटाड्या चारी बाजूंना बघतो. त्याला वाटतं, चौकशी आपलीच चाललीय.

पण एक गोष्ट साहेबांना खरोखर अस्वस्थ करते. मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा होऊन या कुरटे बेटावर काम सुरू झालं ते १६६४च्या नोव्हेंबरात, आणि १६६७ साली किल्ला उभा होता. सुमारे तीन किलोमीटरचा तट, भर समुद्रात, जेमतेम तीन वर्षांत. त्यातला पावसाळा वजा करायचा, कारण पावसाळ्यात या खडकांत आजही होड्या बंद असतात. म्हणजे हातात राहिलं काय? साहेब बोटांवर मोजतात. “आणि मधे १६६५ला पुरंदरचा तह! तेवीस किल्ले द्यावे लागले! १६६६ला महाराज स्वतः आग्र्याला अडकलेले! तरी साइट बंद नाही!” त्यांचा आवाज चढतो. सहलीतल्या बायका दचकून बघतात. त्यांच्या काळी डेप्युटी इंजिनियर आठवडाभर रजेवर गेला तर खडीचे ट्रक वाटेत हरवत असत. इथे मालक शत्रूच्या कैदेत आणि चिऱ्यावर चिरा चढतोय, हे गौडबंगाल साहेबांना उलगडत नाही. वाटाड्या ‘स्वराज्याची निष्ठा’ असं काहीतरी म्हणतो. साहेब मान हलवतात. “निष्ठा ठीक आहे हो, पण दर आठवड्याची मजुरी कोण वाटत होतं?”

मला विचाराल तर त्या दिवशी किल्ल्यावर कुणी विचारलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न असतो.

बाकी मंडळी एव्हाना तटावर ओळीने उभी राहून फोटो काढत असतात. साहेब छत्री आडवी धरून तटाची रुंदी मोजतात आणि मान वेळावतात. तट सरळ का नाही? नागमोडी बांधला म्हणजे लांबी वाढली, लांबी वाढली म्हणजे खर्च वाढला. ऑडिटने पहिला मुद्दा हाच काढला असता. मग ते एका बुरुजावर जातात, डावीकडे बघतात, उजवीकडे बघतात, आणि पाच मिनिटं गप्प होतात. खडक जिकडे वळला तिकडे तट वळलाय, आणि एका बुरुजावरून शेजारच्या भिंतीच्या पायथ्याशी आलेला माणूस टिपता येतो. “सुधारित अंदाजपत्रकाला मान्यता द्यावी लागेल,” ते स्वतःशीच पुटपुटतात.

तटातले शौचकूप सापडल्यावर मात्र त्यांच्या आनंदाला पारावार राहत नाही. देवळाकडे निघालेल्या बायकांना ते परत बोलावून आधी शौचकूप दाखवतात. साडेतीनशे वर्षांपूर्वी पहारेकऱ्याने जागा सोडून जाऊ नये म्हणून तटातच केलेली सोय, निचरा थेट बाहेर! “आणि आपल्या एसटी स्टँडवर बघा!” वहिनी मागून म्हणतात, “अहो, त्यांना दर्शन घेऊ द्या.” दूधबाव, दहीबाव, साखरबाव या खाऱ्या पाण्याने वेढलेल्या गोड्या विहिरी त्यांना तशाच ओढून नेतात. तिथे प्रत्येकी एकेक ओंजळ पिऊन होते, आणि गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं कसं, याचं व्याख्यान विहिरीगणिक एकदा होतं.

चुन्यात उमटलेला महाराजांचा हात आणि पाय दाखवतात तिथे गर्दी असते. लोक हात जोडतात. साहेबही बूट काढून, कॅप काढून, चांगले वाकून नमस्कार करतात. नाटक नसतं त्यात. मग सरळ होऊन हलक्या आवाजात बोलतात, “गिलावा ओला असताना स्वतः साइटवर हजर होते. म्हणजे तपासणी झालेली आहे.” शिवराजेश्वराच्या मंदिरातही ते मूर्तीपुढे बराच वेळ उभे राहतात. राजाराम महाराजांनी हे मंदिर बांधलं. वहिनींच्या मते साहेब तिथे प्रार्थना करतात. मला शंका आहे की ते छत तपासत असावेत. दोन्ही एकदम चालू असेल.

त्यांना खरा हेवा वाटतो तो हिरोजी इंदुलकरांचा. सिंधुदुर्गाच्या बांधकामाशी त्यांचं नाव जोडलं जातं, आणि रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर ते कोरलेलंच आहे. “पायरीवर का होईना, पण नाव आहे! आमच्या फलकावर मंत्री, पालकमंत्री, खासदार, आमदार, सरपंच. पूल काय यांनी बांधला?” इंग्रजांनी १७६५ साली किल्ला घेऊन त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ नाव दिलं आणि लवकरच पैसे घेऊन तो कोल्हापूरकरांना परत केला, हे वाटाड्याने सांगितलं तर साहेब फक्त एवढंच विचारतात की नवा फलक कुणाच्या खर्चाने लावला होता. २०२५च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात सिंधुदुर्गही आहे, याचा त्यांना अभिमान वाटतो; पण आता देखभालीचा हेड कुठला, ही काळजी जास्त.

दुपारी सुरमईची थाळी येते. सोलकढीची दुसरी वाटी रिचवल्यावर जोशीमास्तर धीर करून म्हणतात, “साहेब, शेवटी किल्ला कसा काय वाटला?” साहेब रुमालाने मिशा पुसतात. “काम चांगलं आहे. अंतिम देयक द्यायला हरकत नाही.” एवढी स्तुती त्यांनी पस्तीस वर्षांच्या नोकरीत कुणाची केलेली नसते.

परतीच्या वाटेवर बस घाटाकडे वळते. मंडळी पेंगत असतात. एका वळणावर साहेब एकदम उठतात, ड्रायव्हरच्या खांद्यावर छत्री टेकवतात आणि बस थांबते. वहिनी सोडून सगळ्यांना खाली उतरवलं जातं. रस्त्याखालून एक नाला जातोय आणि नाल्यावर एक मोरी आहे. कठड्याला पांढरा-काळा रंग, वर दोन शेळ्या. साहेब शेळ्या हाकलतात आणि कठड्यावर टाच आपटतात.

“मी बांधली. एकदाही वाहून गेली नाही. या, सगळे उभे राहा, फोटो काढू.”

सगळे कठड्याला रेलून उभे राहतात. वहिनी बसच्या खिडकीतून वाकून बघतात.

“अहो, मागच्या सहलीत तुम्ही याच्या पुढची दाखवली होती ना?”

“तीही माझीच,” साहेब म्हणतात. “बस तिथेही थांबणार आहे.”